नाल्याकाठचा पालक

द्वारकाबाई लग्न होऊन आली तेव्हा शेताकडेच्या नाल्याला नितळ पाणी होतं. सासू-सुना गाजरं उपटायच्या, त्याच पाण्यात खंगाळायच्या आणि बांधावर बसून करकर खायच्या. "आपल्या मातीची गोडीच न्यारी," सासू म्हणायची.

पुढं वरच्या अंगाला धातूला मुलामा देणारे कारखाने आले. पाणी कधी हिरवट, कधी पिवळं वाहू लागलं. पण त्याच पाण्यावर पालक तसाच तजेलदार यायचा. शहरात औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात द्वारकाबाईची पाटी दुपारच्या आत रिकामी व्हायची. कुणाला शंका आली नाही.

यंदा नात सोनियानं कॉलेजच्या अभ्यासासाठी शेतातली माती तपासायला नेली. तपासणीचा कागद घेऊन आली ती थेट आजीकडं गेली.

"आजी, आपल्या मातीत शिसं अन् कॅडमियम हाय. पालेभाजी ते ओढून घेती. धुतलं तरी जात नाय."

"म्हंजी विकायची नाय?"

"खायचीबी नाय."

द्वारकाबाईनं त्याच दुपारी पालक, शेपू, मेथी उपटायला घेतली. मुलगा सोमनाथ आडवा आला. "एवढा तोडा तरी बाजारात जाऊ दे, आई. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय की."

सगळी भाजी तिनं खड्ड्यात पुरली. गुरांनाही घातली नाही.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातानं औरंगपुऱ्यात आपल्या जागेवर बसली. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की खरं ते सांगायची. काही चिडले. नसीमआपा मात्र ऐकून तिच्याशेजारी पायरीवरच टेकली. ती सासूच्या काळापासूनची गिऱ्हाईक.

"मेरे बच्चे तुम्हारी भाजी पे बडे हुए, द्वारकाबाई," ती हळू आवाजात म्हणाली.

"माझेबी त्याच्यावरच वाढले, आपा."

आपानं हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग आपा म्हणाली, "तुम्हारी सास एक गाजर ऊपर से डालती थी. बोलती, चलते चलते खाओ." द्वारकाबाईचे डोळे भरून आले. आपानं समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले.

सोनियानं प्रदूषण मंडळाकडं तक्रार केली. तिथले साहेब आले, नाल्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेले. नाला अजून तसाच वाहतो.

भाजीच्या जागी, कुणी खाणार नाही म्हणून लावलेला झेंडू दसऱ्याला फुलला. द्वारकाबाई फुलं घेऊन बसली. जुनी गिऱ्हाइकं सवयीनं पालक मागायची आणि मग ओशाळून फुलं घ्यायची. धंदा बरा झाला. पण हाताला शेपूचा वास नव्हता, आणि दिवसभर तिला कुणा दुसरीच्याच जागेवर बसल्यासारखं वाटत राहिलं.