मंदाचं बी

वटारच्या वाडीत टोमॅटोचं बी मंदा धरायची. विकतच्या बियाण्याची पुडी तिनं कधी घरात येऊ दिली नाही. जाती तीन. एक चपटा, फुगीर कंगोऱ्यांचा, भलताच आंबट. एक लांबट, जाड सालीचा. आणि एक पिवळसर, जो पिकला तरी नव्या माणसाला कच्चाच वाटायचा. चांगलं फळ निवडून ती ते पिळायची, बिया आंबवून धुवायची, राखेत घोळवून फडक्यात बांधून ठेवायची. तिच्या नवऱ्यानं, नरहरीनं, लग्न झाल्यापासून वाफे खणले, पाणी लावलं, टोपल्या बाजारात नेल्या. बियांना मात्र कधी हात लावला नाही. ते तिचं काम होतं.

आदल्या वर्षी ऐन फुलावर अवकाळी पाऊस आला आणि झाडं कुजून बसली. नवं बी धरता आलं नाही. त्याआधीचं थोडं उरलं होतं, ते यंदा पाऊस ओसरला की टाकायचं असं ठरलं होतं. पण गणपतीतच मंदाचे डोळे पिवळे झाले. कावीळ असेल म्हणून गावात औषध घेतलं. मग तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. दिवाळी हॉस्पिटलातच गेली. थंडी पडू लागली तेव्हा डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं.

घरी आल्यावर तिनं आधी बियांचं विचारलं. नरहरी म्हणाला, आता उशीर झाला, पुढच्या वर्षी बघू.

"आपल्या दमट हवेत इतकं जुनं बी टिकत नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी एकही उगवायचं नाही. आत्ताच टाका."

त्यानं ओटीवर ट्रे मांडले, माती-शेणखत चाळून भरलं आणि अर्ध्याहून जास्त बी पेरलं. त्या वर्षी थंडी नेहमीपेक्षा बोचरी होती. सकाळी उत्तरेचा वारा सुटायचा आणि ट्रेमधली माती हाताला गार लागायची. वाट पाहून पाहून शेवटी त्यानं काडीनं माती उकरली. बिया तशाच पडलेल्या, काही बुळबुळीत झालेल्या. हे त्यानं आत जाऊन मंदाला सांगितलं. ती रागावली नाही. थंडीत बी मातीत झोपून राहतं आणि तिथंच कुजतं, ती म्हणाली. त्याला आधी ऊब देऊन मोड आणायचे, मग मातीत घालायचं. उरलेलं सगळं बी कोमट पाण्यात भिजवून, तिन्ही जाती वेगवेगळ्या ओल्या फडक्यात बांधा, असं तिनं सांगितलं. फडकं कुठे ठेवायचं, याचा तो विचार करत उभा राहिला.

"इकडे द्या," मंदा म्हणाली.

तिनं त्या तीन पुरचुंड्या पांघरुणाखाली घेतल्या आणि पोटाशी धरल्या. तिला रोज ताप भरायचा. सून कृतिका म्हणाली, आई, ओलं फडकं अंगाशी नको, थंडी वाजेल. मंदानं दिलं नाही. नरहरी रोज सकाळी पलंगाशी बसून फडकं उघडायचा, पाहायचा, कोमट पाणी शिंपडून परत तिच्या हातात द्यायचा. दोघांत तेवढंच बोलणं उरलं होतं. एका सकाळी बियांना पांढरी टोकं फुटलेली दिसली. पिवळ्याची मोजकीच, पण तिन्ही जाती आल्या होत्या. मंदानं बोटानं एक बी जरा हलवून पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी ती हसली.

ट्रे या वेळी आत, तिच्या पलंगाशेजारी ठेवले. रोपं वर आली, दोन-दोन पानं उघडली. ती कुशीवर वळून त्यांच्याकडे बघत राहायची. पाणी जपून घाला, तिनं सांगितलं; थंडीत माती वरून सुकी दिसली तरी आत ओल असते, बोट खुपसून बघायचं. त्यानंतरच्या आठवड्यात ती गेली.

घर माणसांनी भरलं. बसायला जागा हवी म्हणून कुणीतरी ट्रे उचलून मागच्या पडवीत नेले. नरहरी पुढच्या खोलीत लोकांमध्ये बसून होता. कोण आलं, कोण गेलं, त्याला कळत नव्हतं. आईंची रोपं मरू नयेत म्हणून कृतिका रोज संध्याकाळी न विसरता त्यांना तांब्याभर पाणी घालत होती. दहावं उरकल्यावर नरहरी मागे गेला. रोपं मातीवर आडवी पडली होती. देठ मातीजवळ काळे पडून दोऱ्यासारखे झाले होते. त्यानं एक उचललं, ते हातातच तुटलं.

तो तसाच आल्बिनाकडे गेला. ती मंदाची मैत्रीण, दोन वाड्या पलीकडची. मंदा तिला पूर्वी दरवर्षी बी द्यायची. आल्बिनानं सगळे डबे काढून शोधलं. दुधीचं निघालं, वालाचं निघालं.

"गुडघे गेले तेव्हाच मी टोमॅटो सोडला, नरहरीभाऊ," ती म्हणाली. "मंदा आहे म्हणून मी ठेवलंच नाही."

तो परतला तेव्हा कृतिका पडवीत ट्रेंपाशी उभी होती.

"बाबा, मी पाणी घातलं, त्यानं गेली का रोपं?"

नरहरीनं तिच्याकडे पाहिलं. तिनं मंदाचं सगळं केलं होतं, कपडे बदलण्यापासून भरवण्यापर्यंत.

"नाही," तो म्हणाला. "थंडीनं गेली."

तिला बरं वाटलेलं त्याला दिसलं. आता हे कायमचं आपल्यापाशीच ठेवावं लागणार, हेही त्याला कळलं.

मुलगा केयूर सातिवलीला एका कारखान्याच्या गाळ्यात कामाला होता. त्याच्या ओळखीच्या मंडपवाल्याला बांबू आणि ताडपत्र्या ठेवायला जागा हवी होती. विहिरीमागचा वाफ्यांचा तुकडा तो मंडपवाला बरेच दिवस मागत होता आणि नरहरी दर वेळी उडवून लावत होता. केयूरनं सहज पुन्हा विचारलं.

"दे," नरहरी म्हणाला.

"खरंच? वाफे जातील, बाबा."

"जाऊ देत. मला तिथे काही लावायचं नाही."

टेम्पो आला त्या दिवशी फाटक नरहरीनंच उघडलं. ड्रायव्हरनं विचारलं, कुठे उतरवू. त्यानं हातानं मागची बाजू दाखवली आणि टेम्पो आत जाईपर्यंत कडेला उभा राहिला.