आडोशामागचे आकडे

मी पुठ्ठ्याचा आडोसा. बोलायचं नाही असं ठरवलं होतं. आडोशाने बोलायचं नसतं, गप्प उभं राहायचं असतं. पण आता डोक्यावरून पाणी गेलंय, तेव्हा ऐकाच.

माझा जन्म फ्रीजच्या खोक्यातून झाला. माझा मालक दातांच्या कवळ्या बनवतो. घरी नवीन फ्रीज आला, वहिनी, म्हणजे त्याची बायको, खोकं बाहेर टाकायला निघाल्या, तेवढ्यात हा म्हणाला, "थांब, मला लागणार आहे." त्याने माझे चार तुकडे कापले, कापडी पट्टीने एकमेकांना जोडले आणि बाहेरच्या अंगाला स्वतःच्या हाताने चित्र काढलं. महायुद्धातला खंदक, काटेरी तारा, धुकं आणि धुक्यात उभं असलेलं काहीतरी भयंकर. पहिल्याच दिवशी पाहुणे म्हणाले, "झाड छान आलंय हं." मालकाचा चेहरा पडला. माझी सुरुवातच अशी झाली, पुढचं काय सांगू.

माझं काम समजून घ्या. दर रविवारी दुपारी मालकाच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालतो. मालक गोष्ट सांगतो. गोष्ट पहिल्या महायुद्धातली, आणि त्या युद्धात तोफांच्या जोडीला भुतंखेतंही आहेत. धुक्यात काहीतरी फिरतं, आणि मेलेल्या शिपायांच्या आवाजात जिवंतांना हाक मारतं. बाकीचे प्रत्येकी एकेक माणूस होऊन त्या गोष्टीत वावरतात. कुणी काही धाडस केलं की फासे पडतात, शंभरापर्यंतचा आकडा येतो. आकडा जितका लहान तितकं बरं. नव्वदीच्या पुढे गेला की माणूस संपला.

इतर घरांत म्हणे ज्याचे त्याने फासे टाकायचे असतात. आमच्या घरची रीत निराळी. सगळ्यांचे फासे मालकच टाकणार, आणि तेही माझ्यामागे. "आकडा दिसला की भीती मरते," असं त्याचं म्हणणं. मला पटलं होतं. मी भीती राखायला उभा आहे, असं समजून मी ताठ उभा राहायचो.

कसली भीती आणि कसलं काय. दुपारचे तीन वाजलेले, बाहेर ऊन रणरणतंय, पडदे ओढून अंधार केलेला, आणि शेजारचा माणूस भिंतीला ड्रिल मारतोय. मालक घसा खाकरून म्हणतो, "खंदकाच्या टोकाला कुणीतरी रडतंय," आणि समोरून प्रश्न येतो, "चहा झाला का?" गरम कप ठेवायला जागा नसली की माझ्या पायाशी ठेवायचे. माझी खालची कड भिजून फुगली, कुणाला पर्वा नाही. आणि रविवार ठरवताना तर अगदी नाकी नऊ. एकाला जमतं तेव्हा दुसऱ्याच्या सासूबाई येतात. युद्ध लढणारी माणसं ही, आणि यांना एक वार ठरवता येत नाही.

खेळायला तिघं यायची. एक ड्रायव्हिंग शिकवणारा. खेळात तो मेजर झाला होता, म्हणून सगळे त्याला मेजरच म्हणायचे, आणि तोही खुशाल फुगायचा. दुसरी चष्म्याच्या दुकानातली. ती खेळात तारयंत्र चालवायची. तिसरी मालकाची धाकटी बहीण. धाकटी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोक तिच्यावर ओरडतात, जणू वीज तिनेच बंद करून पर्समध्ये ठेवली आहे. खेळात ती नर्स होती, खंदकाच्या मागच्या तंबूत जखमींना सांभाळणारी.

अगदी सुरुवातीला चौथाही होता, मालकाचा बँकेतला मित्र. दुसऱ्याच रविवारी त्याचा शिपाई मेला. तो हसला, पाणी प्यायला म्हणून आत गेला, तिथूनच चपला घालून घरी गेला. पुढे फोन केला की म्हणायचा, "बिझी आहे रे." ती जुनी मैत्री तिथेच संपली. मालकाने ते असं काही मनाला लावून घेतलं की विचारू नका. माणूस गोष्टीत मेला की घरातून जातो, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

तेव्हापासून माझ्यामागे जे चालायचं ते एकटा मी बघायचो. ब्याण्णव पडले. मालक म्हणाला, "गोळी टोपीला चाटून गेली." पंच्याण्णव पडले. "पाय घसरला, पण तार हाताला लागली." प्रत्येक वेळी पटकन फासे उचलायचा आणि कपाळावरचा घाम पुसायचा. अहो, भीती राखायला मला उभा केला होता ना? मी राखत होतो ती ह्या माणसाची माया. खंदकातल्या पिशाचाला तर बिचाऱ्याला एक घास मिळू दिला नाही.

लोक काही दुधखुळे नसतात. आपण मरत नाही हे अंगाला कळतं. मेजर पिशाचाला नावं ठेवायला लागला. चष्मेवाली मोबाइल बघत खेळायची. मालक आणखी भयानक वर्णनं करायचा, आणि ती दोघं आणखी जांभया द्यायची. मी हात टेकले असते, पण मला हात नाहीत.

एक दिवस मात्र वेगळा होता. धाकटीच्या नर्सने एका जखमीला पाठीवर घेतलं आणि दाट धुक्यातून एकटी निघाली. ते धुक्यातलं तिला तिच्या तंबूतल्या मेलेल्या डॉक्टरांच्या आवाजात हाका मारत होतं. कान बंद करून सरळ चालायचं, बस्स. मालकाने फासे टाकले. थाप मारायला तोंड उघडलंच होतं त्याने. आणि खाली पडला होता चार. शंभरात चार. त्याने वाकून पुन्हा पाहिलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाला, "पोचलीस. दोघंही पोचलात." त्या दिवशी त्याला एक अक्षरही खोटं बोलावं लागलं नाही.

धाकटी त्या दिवसावर जगायची म्हणा ना. "खिडकीपाशी कुणी फारच तोंड सोडलं," ती एकदा सांगत होती, "की मी मनात म्हणते, बाबा रे, मी ते धुकं पार करून आलेय. तुझं बिल काय घेऊन बसलास." सगळे हसले. ती हसत नव्हती.

मग तो चार्जरचा रविवार आला. मेजरच्या फोनची बॅटरी संपली. प्लग मालकाच्या पाठीमागे. मेजर उठून तिकडे गेला, आणि नेमकं तेव्हाच मालकाने त्याच्यासाठी फासे टाकले.

"गोळी कानाजवळून गेली," मालक म्हणाला.

"सत्त्याण्णव म्हणजे कानाजवळून?" मेजरने मागून विचारलं.

शेजारचं ड्रिल मेलं नेमकं त्याच वेळी थांबलं.

"असं किती वेळा केलंस?" चष्मेवालीने विचारलं.

"मोजलं नाही."

"म्हणजे आम्ही एवढे दिवस नुसते बसून होतो," मेजर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "हरलो नाही ते खोटं, मग जिंकलो तेही खोटंच की."

धाकटी म्हणाली, "दादा, धुक्याचा दिवस?"

"तो खरा होता गं."

"तसंच म्हणणार तू."

"आईशप्पथ, खरा होता."

"आत्ता कानाजवळून म्हणालास तेही ह्याच तोंडाने ना?" तिने पर्स उचलली आणि गेली.

माझी अवस्था काय झाली असेल, विचार करा. आयुष्यभर खोटं बोललेला माणूस एकदा खरं बोलतोय, आणि त्याचा साक्षीदार कोण, तर मी. पुठ्ठा. चार पडलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिला होता. ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तोंड रंगवायचं मालकाला सुचलं नव्हतं, झाडं तेवढी सुचली होती.

पुढचे कित्येक रविवार धाकटी आली नाही. फोन उचलायची, बोलायची, पण कामापुरतं. जे व्हायला नको म्हणून हा माणूस इतकं खोटं बोलला, तेच झालं, आणि त्या खोट्यापायीच झालं. तो रिकाम्या टेबलाशी बसायचा. मी तसाच उभा, कुणापासून काय लपवतोय देव जाणे.

शेवटी वहिनींनी त्याला धरलं. "तिला कशाचं वाईट वाटलं, कळलंय का तुला?"

"मी फसवलं म्हणून."

"नाही. दिवसभर लोक तिला म्हणतात, तुला काही जमत नाही. तूही तेच म्हणालास. फक्त प्रेमाने."

"पण तो दिवस खरा होता गं."

"मग शपथा घेऊ नकोस. तुझ्यावर विश्वास बसेल असं काहीतरी कर."

त्या संध्याकाळी त्याने धाकटीला फोन केला. "एकदा ये. आडोसा नसेल, ज्याचे फासे त्याच्या हातात."

आणि अशी माझी उचलबांगडी झाली. मला मिटून कपाटाला टेकवून ठेवलं. इतकी सेवा केली, त्याचं हे फळ. तिथून टेबल तिरकं दिसत होतं, पण दिसत होतं.

तो रविवार मी विसरणार नाही. तेच ऊन, तेच पडदे. पण फासे उघड्यावर. मेजरने पहिला फासा टाकण्याआधी तळहात पॅन्टला पुसला. चष्मेवालीचा मोबाइल पर्समध्ये होता. मालक अगदी साध्या शब्दांत गोष्ट सांगत होता, आणि कुणी चहा मागितला नाही. इतकी वर्षं मी ज्या भीतीची वाट बघत उभा होतो, ती मला हटवल्यावर आली. अशा वेळी माणसाने संतापायचं नाही तर काय करायचं?

खंदकाखालच्या तळघरातून कुणीतरी नर्सला हाक मारत होतं. मेजर म्हणाला, "जाऊ नकोस. ते माणूस नाही."

"असला तर?" धाकटी म्हणाली, आणि फासे टाकले.

शहाण्णव.

सगळ्यांनी मालकाकडे पाहिलं. त्याचा हात सवयीने पुढे आला, फासे उचलायला. मग त्याने तो मांडीवर ठेवला.

"माणूस नव्हता," तो म्हणाला. "नर्स परत आली नाही."

धाकटीने तो आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग उठून आत गेली, पाणी प्यायला. मालकाचे डोळे चपलांच्या स्टँडवर खिळले. त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. माझा सगळा राग क्षणभर कुठल्या कुठे गेला.

ती पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली आणि आपल्या खुर्चीवर बसली.

"दादा, धुक्याचा दिवस खरा होता?"

"खरा होता."

"किती पडले होते?"

"चार."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ह्याच माणसाने आत्ता सगळ्यांसमोर तिला मरू दिलं होतं, हात पुढे करून मागे घेतला होता. "बरं," ती म्हणाली, आणि ग्लासातलं पाणी सगळं पिऊन टाकलं. तिचे डोळे भरले होते. "पुढच्या रविवारी मी कोण व्हायचं?"

हल्ली मी कपाटावर असतो, भिंतीकडे तोंड करून. अंगावर कवळ्यांच्या प्लॅस्टरची धूळ, वरून जुन्या छत्र्यांचा भार. मला रद्दीत देऊ नका एवढंच मागणं आहे. आणि तुमच्या टेबलावर माझ्यासारखा कुणी उभा असेल, तर त्याच्यामागे हवे तेवढे आकडे झाका. पण तुमच्या माणसांना कधी हरूच दिलं नाहीत, तर त्यांना जिंकल्याचं कुणी सांगून पटणार नाही.

धाकटी आता पलटणीतला स्वयंपाकी झाली आहे. अत्यंत भित्रा. परवा अंधारात धावताना पडला आणि त्याचा पाय मोडला. मेजर हळहळला, मालकाचा जीव कासावीस झाला. आणि ही बाई खुशीत. म्हणते, उद्या खिडकीवर सगळ्यांना सांगणार, माझा पाय मोडला, आणि खरा मोडला.