तराफेवाल्याचा चेहरा

मित्रांनो, घाबरू नका. मी सुरी असले तरी मला धार नाही. माझ्याने पावाचा तुकडासुद्धा नीट कापला जाणार नाही. मी चित्रकाराची जुनी सुरी आहे, रंग कालवायची आणि चुकलेला रंग खरवडायची. तरीही एका माणसाचा घात माझ्यामुळे झाला, आणि तोच आज सांगायला बसले आहे.

माझा जन्म पॅरिसचा. माझे पहिले धनी म्हातारे चित्रकार होते. ते देवता, राजे आणि रणांगणावर मरणारे वीर काढत. त्या वीरांना कधी घाम येत नसे आणि देवतांच्या पायांना माती लागत नसे. सगळ्यांची नाके एकाच प्लास्टरच्या पुतळ्यावरून घेतलेली असत. मला त्यांचा फार कंटाळा येई. आज वाटते, त्या खोट्या नाकांनी निदान कुणाचे वाईट तरी केले नाही.

म्हातारबुवा गेले तेव्हा त्यांचा शिष्य एवारिस्त कझाल मला घेऊन योन नदीकाठच्या आपल्या गावी आला. दिवस मोठे चमत्कारिक होते. राजा पळाला होता, गरिबालाही मत मिळाले होते, आणि तरुण चित्रकार विचारू लागले होते की देवता पाहिल्यात कुणी? एवारिस्तने तर नेमच केला होता: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक बोटही काढायचे नाही. त्याने ब्रश बाजूला टाकला आणि मला धरले. पावावर लोणी फासावे तसा तो माझ्याने जाड रंग थापू लागला. जन्मभर चुका खरवडणारी मी, आता चेहरे घडवू लागले! माझा ऊर भरून आला.

गावचा धंदा लाकडांचा. जंगलातले ओंडके नदीत सोडायचे, गावाशी कमरेइतक्या गार पाण्यात उभे राहून अडवायचे, तराफे बांधायचे आणि पॅरिसला न्यायचे. १८५१ सालच्या पानगळीत एवारिस्तने हे तराफेवाले काढायला घेतले, चांगले पुरुषभर उंचीचे. मधोमध होता त्याचा बालमित्र तेओद्युल मिशो. त्याचे नाक वाकडे होते, आणि ओंडका ओढायचा आकडा लागून डाव्या कानाची पाळी तुटली होती.

"अरे एवारिस्ता, नाक जरा सरळ कर की," उभा राहून कंटाळला की तो म्हणे. "तुझ्या बापाचं काय जातंय?"

"नाक तुझं. ते सरळ करणारा मी कोण?"

"मग कान तरी पुरा दे. बायको म्हणते, चित्रात तरी धड नवरा बघू दे."

"रोज बघते ती तुला. तिला आता काय फसवायचं?"

तो तुटका कान मीच लावला. एका फटक्यात साधला.

नोव्हेंबरात चित्र धान्यबाजारात मांडले आणि गाव लोटले. "हा बघा तेओद्युल! कान बघा, कान!" जो तो ओरडत होता. नदीकाठी पावाची टोपली घेऊन उभी असलेली बेकरीवालीही चित्रात होती.

"मेल्याने मला दोन हनुवट्या दिल्यात!" ती करवादली.

"दोनच? हात आखडता घेतलाय त्याने," मागून कुणीतरी म्हणाले.

सगळे हसले. हे चेहरे आणखी कुणी बघेल, हे त्या दिवशी कुणाच्या मनातही आले नाही.

डिसेंबरात देशाच्या निवडून आलेल्या अध्यक्षानेच सैन्याच्या जोरावर पॅरिसमध्ये सगळी सत्ता बळकावली. बातमी येताच तराफेवाल्यांनी त्याच्याविरुद्ध बंदुका उचलल्या आणि दोन दिवस गाव धरून ठेवले. तेओद्युल सर्वांत पुढे होता. मग पलटण आली. तो जंगलात निसटला. शिपाई परगावचे होते. त्यांच्या यादीत त्याचे नाव होते, पण त्याचे तोंड कुणी पाहिले नव्हते.

"कसा दिसतो तो?" ते दारोदार विचारत.

"माणसासारखा," बेकरीवालीने सांगितले.

सगळे गाव मुके झाले होते. बाजारातून परत आणून आमच्या खोलीत भिंतीला टेकवलेले ते चित्र तेवढे बोलके होते.

एका दुपारी तेओद्युलची बायको मेलानी आली. तिने दार लावून घेतले.

"भावजी, खरवडा त्याला."

"मेलानी, हे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनाला जायचंय. मधला माणूस गेला तर उरतं काय?"

"माझा नवरा उरतो."

एवारिस्त चित्रापाशी गेला.

"नाक सरळ कर म्हणत होता, तुम्ही केलं नाहीत. आता तरी करा. कान जोडा. दुसऱ्या कुणाचंही तोंड लावा, एखाद्या देवाचं लावा!"

त्याने मला उचलले आणि गालावर टेकवले. रंगावर वर साय धरली होती, आत तो ओलाच होता. एकदा ओढले असते तर सगळा चेहरा सुटून आला असता. मी पाते ताणून तयार होते. मित्रांनो, सुरीला हात नसतो, याचे दुःख मला त्या क्षणी कळले.

"आधी कागदावर नक्कल करून घेतो," तो मला खाली ठेवत म्हणाला. "उद्या नक्की खरवडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी घोडे थांबले. धान्यबाजारातल्या चित्राची गोष्ट परगावच्या कुणीतरी सांगितली असावी. कप्तान सभ्य माणूस होता. त्याने टोपी काढली आणि बराच वेळ चित्र बघितले.

"वा! काय हुबेहूब! इतकं खरं काम मी आजवर पाहिलं नाही."

माझ्या कामाची एवढी स्तुती कधीच झाली नव्हती. मग त्याने एकेक शिपाई आत बोलावला आणि त्या चेहऱ्यासमोर उभा केला. "कान लक्षात ठेवा," तो प्रत्येकाला सांगत होता.

सहाव्या दिवशी कोळसा पाडणाऱ्यांच्या झोपडीत तेओद्युल सापडला. त्याने दाढी वाढवली होती, नावही बदलले होते. कान कुठून बदलणार? त्याला जहाजात घालून समुद्रापार कायेनच्या बंदिवासात धाडले.

पुढच्या उन्हाळ्यात मेलानी पुन्हा आली. तिने एक सरकारी कागद टेबलावर ठेवला. एवारिस्तने तो वाचला. तापाने मृत्यू, एवढेच लिहिले होते. त्याने मला मुठीत आवळले आणि चित्रावर झडप घातली. पण रंगाचा आता दगड झाला होता. माझे टोक कानाजवळ रुतले आणि कटकन मोडले. तरी तो घाव घालतच होता. तेव्हा मेलानीने त्याचे मनगट धरले.

"आता नको, भावजी. आता तो तेवढाच उरलाय."

मित्रांनो, मला तेल लावा, माझा गंज पुसा, असे मी म्हणणार नाही. खरे दाखवू नका, असेही म्हणणार नाही. पण कुणाचा चेहरा तुमच्या हाती असेल आणि त्याच्या घरचे माणूस दारात येऊन उभे राहील, तर त्याला 'उद्या' म्हणू नका.