चार ठोक्यांची जागा

आमचं 'येतीस का' हे गाणं तुम्ही ऐकलं असेल, पण बहुतेक बासरीवालं. पुण्याच्या एका गुळगुळीत गळ्याच्या पोरानं ते हळू आवाजात गायलं आणि मधल्या मोकळ्या जागेत बासरी घातली. आता ते लग्नांच्या व्हिडिओखाली वाजतं. डीजेवाले त्याच जागेत भोंगे वाजवतात, आमच्या कार्यक्रमात पोरं शिट्ट्या मारतात. चार ठोक्यांची ती जागा रिकामी सोडायची अक्कल आजवर कुणाला झाली नाही, आणि दरवेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती जागा सुकन्याची आहे.

मी हरिदास, बुद्धनगरातला. विशीत नरसय्या शेठच्या कारखान्यात टॉवेलच्या मागावर होतो. सुकन्या शेठची पुतणी. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायला ती दुपारी यायची. यंत्रमागाच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून मागावरचा प्रत्येक माणूस ओठ वाचायला शिकतो. आमचं प्रेम त्या गोंगाटातच वाढलं. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडं झाल्या की मी भरल्या कारखान्यात बेंबीच्या देठापासून ओरडायचो, आणि कुणाला पत्ता नसायचा. ती मात्र आवाज न काढता नुसते ओठ हलवायची.

एका दुपारी मी विचारलं, माझ्यासंगं येतीस का? तिचे ओठ म्हणाले, व्हय. माझा विश्वास बसेना. हावरटासारखं मी पुन्हा ओरडून विचारलं, आणि नेमका तेव्हाच करंट गेला. लोडशेडिंगचे दिवस होते, पण त्या दिवशी वेळेआधीच गेला. सगळे माग एकदम थांबले आणि माझा प्रश्न कारखानाभर एकटाच घुमला. माझं विचारणं सगळ्यांनी ऐकलं. तिचं उत्तर कुणी ऐकलं नाही, कारण त्याला आवाजच नव्हता.

शेठनी तिला विचारलं, यानं तुझी छेड काढली का. ती गप्प राहिली. शेठ करंट यायची वाट बघत थांबले आणि माग सुरू झाल्यावर मला मारलं. त्या खडखडाटात माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? दुसऱ्या दिवसापासून मी पोरींची छेड काढणारा झालो. एकाही कारखान्यानं दारात उभं केलं नाही. माझ्या आईनं, मीनाबाईनं, ते मरेपर्यंत ऐकलं. सुकन्याला भिवंडीला दिली.

मग मला सिदू भेटला. होटगीचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, ढोल फोडून काढणारा. जुने ड्रम आणि एक गिटार घेऊन आम्ही दोघांनीच बँड काढला. तो मागासारखं वाजवायचा आणि मी मागावर ओरडायचो तसाच ओरडायचो. पुढं कॉलेजच्या एका पोरीनं सांगितलं, याला पंक म्हणतात. सिदू म्हणाला, "बोंबलायला नाव बी आस्तंय व्हय."

गाण्यात खडखडाट वाढत जातो, एकदम थांबतो, मी एकटा विचारतो 'येतीस का?' मग चार ठोके रिकामे, आणि मग शेवटची ओळ, 'आवाज कुटं हाय तुझा?' लोक याला प्रेमगीत म्हणतात. असेल. मी ते रागानं लिहिलं, शेठवरच्या कमी आणि तिच्यावरच्या जास्त.

यंदा फोन आला तो शेठच्या नातवाचा, अजिंक्यचा. त्याच्या होणाऱ्या बायकोचं हे आवडतं गाणं, हळदीला आम्हीच वाजवायला हवे होतो. ते आपल्याच कारखान्यात जन्मलं हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. अट एकच: मधे गप्प राहू नका, साउंड बंद पडल्यासारखं वाटतं, तिथं डीजे भोंगा मारेल. मी नाहीच म्हणणार होतो. मग तो सहज बोलून गेला की भिवंडीची सुकन्याआत्याही येणार आहे, आणि मी होकार दिला. तिला तोंडावर विचारायचं होतं. माझ्यावरचा डाग तिनंच पुसायला हवा होता, दुसऱ्या कुणाला ते जमणारच नव्हतं.

सिदू म्हणाला, "आन् परत गप बसली तर?"

मी सांगितलं, मग हे गाणं पुन्हा गाणार नाही.

अक्कलकोट रोडचं मंगल कार्यालय, भर दुपार, सगळीकडं पिवळे कपडे. शेठ पुढच्या सोफ्यावर, हातात काठी. सुकन्या बायकांच्या घोळक्यात, केस पिकायला लागलेले. मला बघून तिनं मान खाली घातली आणि माझं डोकं आणखी तापलं.

सिदूनं खडखडाट असा चढवला की मांडवातल्या म्हाताऱ्यांचे पाय आपसूक हलायला लागले. निम्म्यांची हयात मागावर गेलेली. डीजेवाल्यानं भोंग्याच्या बटनावर बोट ठेवलेलं मला दिसलं. थांबायची वेळ आली तशी सिदूनं शेजारच्या बोर्डातली वायर उपसली. डीजे गेला, माझा माईकही गेला.

मी तसाच ओरडलो, "येतीस का?"

एक ठोका गेला, दुसरा गेला. तिचे ओठ हलले. पुन्हा तेच, बिनआवाजी. असा संताप आला मला.

"ओठ नगं," मी म्हणालो. "आवाज काढ."

चार ठोके कधीच उलटले होते. सिदूनं काठ्या वरच्या वर धरून ठेवल्या. सुकन्या घोळक्यातून निघाली आणि शेठसमोर येऊन उभी राहिली. काकांशी ती कधी मराठीत बोलली नसेल. आज बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून.

"काका, ह्यानं माझी छेड काढली न्हवती. ह्यानं इचारलं, मी व्हय म्हणले होते. तुमी ह्याला मारत होता तवा बी मी वरडून व्हयच म्हणत होते. माग चालू होते."

माझा राग गेला का? नाही. एवढी वर्षं लागली बाई तुला, हेच मनात आलं. पण शेवटची ओळ मी गायलो नाही. तिचा आवाज कुठं आहे, हे आता कुठल्या तोंडानं विचारू?

शेठ काठी आपटत उठले. "वायर लावा रे," ते म्हणाले, "वाजवा कायतरी."

डीजेवाला टेबलाखाली वाकून शोधायला लागला. वायर सिदूच्या पायाखाली होती, आणि पाय उचलायची त्याला काही घाई नव्हती.