बजरंगीने गोळ्या फेकल्या

कन्हान नदीच्या काठावरच्या पत्र्याच्या मांडवात शनिवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर चौरंगावर भगवी झूल घातलेलं एक काळतोंडं वानर साखळीने बांधलं होतं, आणि शेजारी वानरस्वामी बसले होते. रोगी आला की वानरापुढे दोन ताटल्या यायच्या. एकीत डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांची पट्टी, दुसरीत स्वामींचा अंगारा. वानर पट्टी उचलून भिरकावून द्यायचं आणि अंगाऱ्याला बोटही लावायचं नाही. झाला देवाचा कौल.

"हमारा बजरंगी बोलता नहीं, सीधा फेकता है," स्वामी माइकवर गरजत होते. "बीपी की गोली, फेक दी. शुगर की गोली, फेक दी. केमिकल खाऊन खाऊन तुमचं रक्त सडून राहिलं, हे त्याले दिसते. तुमच्या मोठ्या डॉक्टरले काहून दिसत नाही?"

"पाह्य वं, कसा हासून राहिला," एक बाई शेजारणीला म्हणाली. वानराने दात विचकले होते.

रांगेतल्या भैरवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जनावरांची डॉक्टर होती. ओठ मागे ओढून असे दात दाखवणारं वानर भ्यालेलं असतं, हसत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ती आज वानरासाठी आली नव्हती. आली होती भाचीसाठी.

भूमिकाला फिट्स यायच्या. रोजच्या गोळ्यांनी पोरगी दोन वर्षं ठणठणीत होती. मागच्या शनिवारी बजरंगीने तिची पट्टी फेकली, आणि भैरवीच्या भावाने, शहरात सदर भागातल्या ऑफिसात बसणाऱ्या शिकल्यासवरल्या केशवने, त्याच रात्री गोळ्या बंद केल्या. मंगळवारी पोरगी शाळेच्या जिन्यावर कोसळली. कपाळावर टाके पडले. आज दुसरा कौल होता. आजही पट्टी फेकली गेली, तर गोळ्या कायमच्या कन्हानच्या पाण्यात.

"दादा, अशी एकदम गोळी सोडली तर पोरगी जिवानिशी जाईल," भैरवी म्हणाली. "तिच्या डॉक्टरनं तुले सांगितलं नव्हतं काय?"

"स्वामी म्हणतात, रोग निघून राहिला, म्हणून जोरात आला. तू ढोरांची डॉक्टर, तुले माणसांचं काय समजते?"

"आणि वानराले समजते?"

केशवने तोंड फिरवलं. भूमिका दोघांच्या मध्ये उभी होती. तिची आई प्रेमलता तेवढ्यात म्हणाली, "सकाळपासून उपाशी आहे ती, दोन घास खाऊ द्या आधी." तिने पिशवीतून पोळ्या काढल्या आणि वरचा चांदीसारखा फॉइल कागद चरचर उलगडला.

चौरंगावरचं वानर किंचाळून साखळीच्या टोकापर्यंत मागे पळालं.

"देवाले पोळीचा वास आला गा," कोणीतरी म्हणालं, आणि मांडव कौतुकाने हसला. भैरवी हसली नाही. वास आलेलं वानर पोळीकडे येईल. हे तर लांब पळत होतं. ती रांग सोडून पुढे सरकली आणि तिने जवळून पाहिलं. वानराच्या बोटांच्या पेरांवर बारीक गोल डाग होते, काही जुने, काही अजून ओले. आणि स्वामींच्या हातात अखंड धुमसणारी उदबत्ती होती. तिला सगळं कळलं, आणि राग गिळून ती रांगेत परत आली.

भूमिकाची पाळी आली तेव्हा भैरवी हात जोडून म्हणाली, "स्वामीजी, मी स्वतः डॉक्टर आहे, पण पोरीसाठीचा अंगारा मी माझ्या हातानं बांधून ठेवते."

"रख बेटी, रख," स्वामी खूश झाले. भरल्या मांडवात एक डॉक्टरीण हात जोडत होती, आणखी काय पाहिजे?

भैरवीने पोळीचा फॉइल कागद घेतला, त्यात अंगारा बांधला आणि ती चकचकीत पुडी ताटलीत ठेवली. स्वामींचा चेहरा उतरला, पण ताटली वानरापुढे गेली होती. वानराने दात विचकले, पुडी उचलली आणि अशी भिरकावली, की पुढच्या ओळीतल्या भक्तांची डोकी राखेने पांढरी झाली.

भैरवीने आता पट्टीतून गोळ्या काढल्या आणि पळसाच्या पानावर नुसत्या ठेवल्या. वानराने त्या हुंगल्या, नाक मुरडलं आणि निवांत खांदा खाजवत बसलं.

"बाई विटाळशी असंन," स्वामी ओरडले. "तिचा हात लागला, देव कोपला."

"गोळ्याही मीच ठेवल्या ना? मग त्या काहून नाही फेकल्या?" भैरवी कडाडली. "गोळ्यांच्या पट्टीसारखा चकचकीत कागद दिसला की तुम्ही याले उदबत्तीचा चटका देता. ते शिकलं. कागद दिसला की फेकायचं, नाहीतर हात भाजते."

"खोटं आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"आई," भूमिका हळूच म्हणाली, "त्याचा हात बघ ना. किती भाजला आहे."

मग सगळ्यांनी पाहिलं. इतक्या शनिवारांत एकानेही देवाच्या हाताकडे पाहिलं नव्हतं.

केशव अजून चाचपडत होता. "पण बजरंगीनं गोळीले नाही म्हटलं होतं ना, भैरवी?"

"म्हटलं ना, दादा. मले भाजू नका म्हणाला. दर शनिवारी तेच म्हणून राहिला, आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवून राहिले."

भैरवीने भूमिकाच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्याशी बोलली आणि त्यांनी सांगितली तशी गोळी भूमिकाला तिथेच दिली. पाण्याचा पेला केशवने आणून दिला. वानराला सोडवायला भैरवीनेच बोलावलेली वनखात्याची गाडी येईपर्यंत स्वामी मागच्या पत्र्याच्या फटीतून पसार झाले होते, आणि "जाताना अंगारा तरी देऊन जायचं," असं हळहळणारेही त्या गर्दीत होतेच.

अशांना काय म्हणावं? वानराला मन आहे. ते दुखणं ओळखतं, लक्षात ठेवतं, भितं, आणि एकदा भाजलं की पुन्हा त्या वाटेला जात नाही. माणसाची पोरगी मात्र जिन्यावरून पडते, रक्तबंबाळ होते, आणि माणूस तिला घेऊन पुन्हा त्याच मांडवात येतो. पुढच्या वेळी कोणी मुकं जनावर देव म्हणून तुमच्यासमोर बसवलं, तर नमस्कार करण्याआधी ते कशाला भितं ते बघा. आणि औषधाचं डॉक्टरला विचारा.