रिकामा रविवार

फ्रेमवाल्यांच्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम दिसायची. गडद लाकडाची, सोनेरी किनारीची, पाच फूट लांब, दीड फूट उंच आणि आत काही नाही. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "ही विकायची आहे का?" फ्रेमवाले म्हणायचे, "ती बुक आहे." अकरा वर्षं ती बुकच होती.

फ्रेम गावच्या फुटबॉल संघासाठी होती. संघाला सगळे 'पिवळे' म्हणत, जर्सीवरून. विरोधक म्हणत, चेहऱ्यांवरून. लीगमध्ये सोळा संघ. त्यातले पहिले सहा प्लेऑफला जातात. पिवळे अकरा वर्षांत गेले नव्हते. ज्या वर्षी जातील त्या वर्षी अकरा जणांचा एका रांगेतला फोटो त्या फ्रेमीत बसणार होता, म्हणून ती अशी लांबट. राखीव खेळाडूंचं काय, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. "ते अकरा वर्षं बसलेलेच आहेत," फ्रेमवाले म्हणाले, "आणखी एक दिवस बसतील."

दर सोमवारी संध्याकाळी दुकानात बैठक भरायची. गणिताच्या बाई शाळा सुटल्यावर यायच्या, हातात आकडेमोडीचा कागद घेऊन. निवृत्त पोस्टमन यायचे, कारण बत्तीस वर्षं चालायची सवय लागलेल्या पायांना कुठंतरी पोचणं भाग होतं. आणि वरच्या मजल्यावरून दातांचे डॉक्टर यायचे. ते पेशंटला इंजेक्शन देऊन हिरडी बधिर व्हायला ठेवायचे आणि तेवढ्या दहा मिनिटांत खाली येऊन पिवळ्यांची बचावफळी उपटायचे.

"बचाव आहे की कवळी? जरा शिंक आली की सगळी बाहेर! यंदाही काही जात नाहीत हे."

"डॉक्टर," फ्रेमवाले शांतपणे म्हणायचे, "फडकं तिथं खिळ्याला आहे."

दुकानाचा नियमच होता तो. जो 'जाणार नाहीत' म्हणेल त्याने रिकामी फ्रेम पुसायची. डॉक्टरांच्या कृपेने गावात इतकी लखलखीत फ्रेम दुसरी नव्हती. बाई चतुर. त्या 'नाही' कधी म्हणायच्या नाहीत, फक्त टक्के सांगायच्या. त्या सोमवारी चार सामने उरले होते आणि पिवळे नववे होते.

"शंभरात तीन," बाई म्हणाल्या.

"तीन म्हणजे काय कमी झाले? माझ्या हयातीत कित्येक पत्रं चुकीच्या पत्त्यावर असूनही पोचलीत," पोस्टमन म्हणाले.

सगळ्यांनी फ्रेमवाल्यांकडे बघितलं. दरवर्षी या वेळी ते पट्टी टेबलावर आपटून 'यंदा नक्की!' म्हणत. यंदाही म्हणाले. पण पट्टी जरा हळू आपटली, आणि आवाज निघाला तो लग्नघरात विहिणीसमोर काढतात तसा, खालचा.

त्याला कारण होतं. टेबलाच्या खणात, खिळ्यांच्या डब्याखाली, त्रेचाळीस पाकिटं होती. लेकीच्या लग्नाच्या पत्रिका.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी ते हॉल ठरवायला गेले. सगळे रविवार भरलेले. मॅनेजरने वहीवरून बोट फिरवत आणलं आणि एका जागी थांबवलं. "हा एक रिकामा आहे. दरवर्षी रिकामाच असतो हो. न जाणो, पिवळे पोचले तर? म्हणून गावात कुणी त्या दिवशी कार्यच धरत नाही. अकरा वर्षं मी त्या दिवशी पंखे पुसून घेतो."

पिवळे तेव्हा चौदावे होते.

"लिहा," फ्रेमवाले म्हणाले. "दुपारी चार."

पायऱ्या उतरताना त्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या गावाने अकरा वर्षं जपलेला दिवस आपण एका शब्दात देऊन टाकला. गावातल्या कुणाही ऐऱ्यागैऱ्याने हे केलं नव्हतं. केलं कुणी, तर रिकामी फ्रेम टांगणाऱ्याने. घरी लेक एवढंच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी प्लेऑफ असतो ना?"

"अगं, कुठला..." एवढं बोलून ते थांबले. पण व्हायचं ते झालंच होतं. याच बापाच्या खांद्यावर बसून तिने पहिला सामना पाहिला होता. साखरेच्या डब्यात हात घातलेल्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं तिने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

नातेवाइकांना बायकोने फोन करून टाकले. गल्लीतल्या आणि बैठकीतल्या पत्रिका तेवढ्या फ्रेमवाल्यांकडे दिल्या. पिवळे एकदाचे बाहेर पडू देत, मग ताठ मानेने वाटू, असा त्यांचा हिशोब. दोन आठवड्यांचा तर प्रश्न होता.

आणि पिवळे जिंकायला लागले.

पहिला सामना प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्याच जाळ्यात गोल मारल्यामुळे जिंकले. दुसरा, पंचाच्या पाठीवर चेंडू आपटून आत गेल्यामुळे. तिसऱ्यात तर गोलकीपरने लांब फेकून मारलेला चेंडू वाऱ्याने नेला, आणि समोरचा गोलकीपर टोपी धरत बसला. बाईंचा कागद तिनावरून नऊ, नवावरून बावीस, आणि बाविसावरून सत्तेचाळीसवर गेला. डॉक्टर एका संध्याकाळी वर जायचं इतकं विसरले की पेशंटच जिन्यावरून बधिर तोंडाने "थॉक्टर! थॉक्टर!" करत खाली आला, गुण किती झाले ते ऐकलं आणि स्टुलावर बसून घेतलं.

फक्त फ्रेमवाले काचेसारखे होत चालले. एकाच आजोबांच्या फोटोची काच त्यांनी दोनदा आखूड कापली. पिवळे जिंकोत म्हणावं तर लेकीच्या लग्नात हॉल रिकामा. हरोत म्हणावं तर जीभ झडेल. शेवटी त्यांनी देवाला 'तूच बघ' एवढंच सांगितलं, आणि देव बघतोय अशी लक्षणं दिसू लागल्यावर तर त्यांची झोपच उडाली.

"पत्रिका वाटल्यात ना?" बायको रोज विचारी.

"वाटतोय."

"वाटताय म्हणजे वाटताय, की तुम्हाला वाटतंय?"

यावर फ्रेमवाले आंघोळीला जात. त्या आठवड्यात त्यांनी बऱ्याच आंघोळी केल्या.

लग्नाला आठ दिवस उरले, शनिवार उजाडला. फ्रेमवाले एका बँकेत आरसा बसवायला गेले आणि दुकानात पोस्टमनना बसवून गेले. पोस्टमनांच्या चष्म्याची काडी निखळली. डिंक शोधायला त्यांनी खण उघडला. डबा उचलला. खाली त्रेचाळीस पाकिटं. नीट पत्ते घातलेली, बंद केलेली, आणि पडून राहिलेली.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसाने पत्र पडून राहू दिलं नव्हतं. एकदा पुराच्या पाण्यातून छातीला धरून नेलं होतं, निघालं टेलिफोनचं बिल, तरी नेलं होतं. 'बिचारा विसरला. मुलीच्या लग्नाची गडबड,' असं म्हणत त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, पाकिटं गल्लीवार लावली आणि दोन तासांत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पोचवली. उघडून एकही बघितलं नाही. दुसऱ्याचं पाकीट उघडणाऱ्यांतले ते नव्हेत. स्वतःच्या नावाचं होतं ते त्यांनी रीतसर आपल्या दारावरच्या पेटीत टाकलं, आत जाऊन पाणी प्यायले, आणि मग टपाल आलंय का बघायला बाहेर आले.

रविवारी लीगचा शेवटचा सामना. पिवळे जिंकले तर सहावे, नाहीतर घरी. दुकानातला टीव्ही लावून फ्रेमवाले बसले होते. तिघं एकदमच आले. बाईंनी टेबलावर पत्रिका ठेवली. डॉक्टरांनी तिच्यावर आपली ठेवली. पोस्टमनांनी ठेवली नाही, हातातच धरली.

"पुढचा रविवार, दुपारी चार," बाई वर्गात वाचतात तशा वाचू लागल्या. "आता उभं राहून सांगा, प्लेऑफचा सामना किती वाजता असतो?"

फ्रेमवाले खरंच उभे राहिले. "चार."

"मी तीन टक्के म्हणाले तेव्हा तुम्ही मला म्हणालात, बाई, तुमचा विश्वास कमी पडतो. आणि तुमचा किती होता? शून्य! मला निदान तीन तरी होता!"

"मी अकरा वर्षं फ्रेम पुसली," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "माझ्या खांद्याला आता कळ येते."

"मी लग्नाला येईन," पोस्टमन म्हणाले. "पोरीला सायकल मी शिकवली. पिवळे पोचोत नाहीतर न पोचोत, मी येणार. पण तिच्यासाठी. तुझ्याशी बोलायचं की नाही ते मला ठरवायला लागेल."

पोस्टमन फ्रेमवाल्यांशी चाळीस वर्षं बोलत आले होते, बहुतेक वेळा विचारल्याशिवाय. फ्रेमवाले भिंतीकडे वळले, खिळ्यावरचं फडकं घेतलं आणि रिकामी फ्रेम पुसू लागले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. डावा कोपरा, वरची किनार, उजवा कोपरा.

"चुकलंच," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "दर वर्षी 'नक्की' म्हणून म्हणून... आतून कधी संपलं ते मलाच कळलं नाही. त्या मॅनेजरने विचारलं आणि तोंडातून निघून गेलं."

तेवढ्यात सामना सुरू झाला.

ऐंशी मिनिटं शून्य-शून्य. पिवळे असे खेळत होते की डॉक्टरांनी दोनदा तोंड उघडून मिटलं. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कोपऱ्यातून चेंडू आला. तीन पिवळे उड्या मारायला गेले आणि तिघांनाही लागला नाही. चेंडू खाली पडला, कुणाच्या तरी ढुंगणावर आपटला आणि लोळत लोळत, एखादा पाहुणा चप्पल काढू की नको करत उंबऱ्याशी घुटमळतो तसा रेषेपाशी घुटमळला.

"अरे जा!" फ्रेमवाले ओरडले. "जा रे बाबा आत! जा!"

चेंडू आत गेला.

फडकं छताला लागलं. फ्रेमवाले स्टुलावर चढून नाचत होते, आणि पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस स्टुलावर नाचतो तेव्हा खालच्यांना भांडण बाजूला ठेवून स्टूल धरावंच लागतं. पोस्टमनांनी धरलं. "पडशील, गाढवा!" ते म्हणाले. बोलायचं की नाही हे बहुधा ठरलं होतं.

मग फ्रेमवाले एकदम थांबले. स्टुलावरच. पुढचा रविवार. दुपारी चार. प्लेऑफ, तोही तिसऱ्या क्रमांकाच्या संघाशी, निळ्यांशी, म्हणजे व्याह्यांच्या गावाशी. आणि तेवढ्यात फोन वाजला. व्याहीच होते.

"व्याहीबुवा," तिकडून चाचरत आवाज आला, "रागावणार नसाल तर एक बोलू? रविवारी चारला... आमचे निळे खेळणार आहेत हो. आम्ही दोन महिने तिसरेच आहोत, आम्हाला माहीतच होतं. पण मुलीकडच्यांनी तारीख काढली, बोलायचं कसं? घरात सगळे माझ्यावर उखडलेत. नवरामुलगा तर जेवत नाहीये. आणि आज बघतो तर तुमचेच पिवळे! आता तुम्ही तरी..."

फ्रेमवाले मटकन स्टुलावर बसले. हॉल तर दिवसभर रिकामाच होता. "अकरा!" ते ओरडले. "सकाळी अकराला नोंदणीच्या सह्या, एकला जेवणं, आणि चारला पडदा लावू!"

"पडदा कसला?"

"मोठा! सामन्याचा!"

पलीकडून, व्याह्यांना शोभणार नाही अशी, एक कर्कश शिट्टी आली.

लेकीला सांगायला फ्रेमवाले घाबरत घाबरत घरी गेले. ती पिवळी जर्सी घालून दारातच उभी होती. "अकराचंच सांगितलंय मी मॅनेजरकाकांना," ती म्हणाली. "तिसरा सामना जिंकलो तेव्हाच. म्हटलं, बाबा कधी कबूल होतात ते बघू."

नातेवाइकांना बायकोने पुन्हा फोन केले. राहिला प्रश्न गल्लीतल्या पाहुण्यांना नवी वेळ कळवायचा. फोन करता आले असते. पण दुसऱ्या दिवशी बैठकीत पोस्टमनांनी ती सूचना अशा काही नजरेने ऐकली की बाईंनी निमूट त्रेचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या, आणि पोस्टमनांनी दुसरी फेरी केली. वीस मिनिटं लवकर परतले.

लग्न झालं. जेवणं झाली. चारला पडदा लागला; उजवीकडे पिवळे बसले, डावीकडे निळे, आणि मध्ये नवराबायको, एकमेकांचा हात सोडून. पिवळे तीन-शून्यने हरले. डॉक्टरांनी व्याह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बचावफळीची एकेक दाढ काढून दाखवली आणि व्याह्यांनी त्यांना स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा वाढलं. इतकं आनंदाने हरलेला संघ आणि इतकं उशिरा उठलेलं वऱ्हाड त्या हॉलने कधी पाहिलं नव्हतं.

फ्रेमीचा निकाल सोमवारी लागला. पिवळे प्लेऑफला गेले होते, तेव्हा फोटो बसायला हवा. पण बाई म्हणाल्या, शिक्षा आधी. म्हणून पाच फुटी फ्रेमीत अगदी मधोमध एक टीचभर पत्रिका बसली: रविवार, दुपारी चार. संघाच्या फोटोसाठी फ्रेमवाल्यांना दुसरी फ्रेम करावी लागली. ती शेजारी आहे. गिऱ्हाईक मात्र पत्रिकेचंच विचारतं.

नवा हंगाम सुरू होऊन महिना झाला असेल, हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. "तुम्ही अनुभवी म्हणून विचारतो. पुढच्या वर्षीचा तोच रविवार एक पार्टी मागतेय. देऊन टाकू?"

फ्रेमवाल्यांनी टेबलावरचा बाईंचा कागद बघितला. पिवळे चार सामने खेळले होते, चारही हरले होते. शंभरात एक, आणि तोही बाईंनी पेन्सिलीने लिहिलेला. मग त्यांनी भिंतीवरची पत्रिका बघितली.

"वेड लागलंय का?" ते म्हणाले. "पंखे पुसून घ्या."