नव्या पेटीचं कुंकू

झेंडूची पाकळी, वाळून तपकिरी झालेली.

साक्रीच्या एसटीत मांडीवर घेतलेली डब्याची पिशवी.

अंगठ्याएवढा तांबडा ठिपका.

एका मुलीचं नाव.

पाटावरची मोकळी जागा.

मित्रांनो, या साऱ्यांशी माझं नातं आहे. मी तळहातावर मावणारी, कोपरा झिजलेली एक जुनी बॅकअप डिस्क आहे. धुळ्यातल्या एका रक्तपेढीत मी राहते. कुणाला कोणतं रक्त दिलं, कुणाला कोणतं सोसलं नाही, हे तिथल्या मोठ्या संगणकात लिहिलेलं असतं. तो कधी बिघडलाच तर हाताशी असावी म्हणून त्या नोंदींची दुसरी प्रत मी माझ्या पोटात ठेवत असे.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवते ती लोटनभाऊंची पिशवी. लोटनभाऊ रक्तपेढीतले मदतनीस. संध्याकाळी प्रत घेऊन झाली की ते मला रुमालात गुंडाळत आणि साक्रीला घरी नेत. दोन्ही प्रती एकाच छपराखाली नकोत, असा नियम होता. पिशवीत माझ्या शेजारी कळण्याच्या भाकरीचा रिकामा डबा असे. एसटी आदळली की ते मला पोटाशी धरत. माझ्याएवढं लाडकं कुणी नाही, असं मला वाटायचं.

मग ती आली.

नवी पेटी. चकचकीत, चार खणांची, समोर दिव्यांची रांग. ती म्हणे स्वतःहून रोज प्रत घेणार. बसवणारा माणूस बसवून गेला आणि मला जाळीच्या लोखंडी कपाटात ठेवलं गेलं.

दुसऱ्याच दिवशी दसरा होता. जाळीतून मी सगळं पाहिलं. पेटीची तार काढून तिला पाटावर बसवलं. झेंडूची माळ घातली. आपट्याची पानं ठेवली. रक्त तपासणाऱ्या प्रमिलाबाईंनी अंगठा भरून कुंकू घेतलं आणि पेटीच्या कपाळावर लावलं. पेटीनं अजून एकही प्रत घेतली नव्हती, मित्रांनो! मी इतकी वर्षं राबले आणि कुंकू तिला!

मी जळले. रोज जळले. माळ सुकली, पण ठिपका तसाच राहिला. पेटी पुसताना लोटनभाऊ ठिपक्याभोवतीनं फडकं फिरवत.

*

थंडीतल्या एका सकाळी मोठा संगणक उघडेना. त्याच सकाळी साक्रीकडच्या एका पाड्यावरून पुनानाना आपल्या मुलीला, रत्नाला घेऊन आले. रत्नाला सिकलसेलचा आजार आहे. अधूनमधून तिला रक्त द्यावं लागतं. त्या दिवशी ती इतकी पांढरी पडली होती की तिला बाकावर बसवेना.

"गट जुळणारं रक्त आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या, "पण मागं एका प्रकारचं रक्त तिला बाधलं होतं. आजच्या तपासणीत ते दिसेलच असं नाही. नोंद पाहिल्याशिवाय मी पिशवी देणार नाही."

भुसावळच्या डिंपलताई कामानिमित्त धुळ्यातच होत्या. संगणक दुरुस्त करणं हेच त्यांचं काम. त्या धावत आल्या.

"काळजी नका करू. पेटीत प्रत असेल."

पेटी रिकामी होती.

(खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.)

डिंपलताईंनी एकेक गोष्ट तपासली. जागा? भरपूर. पासवर्ड? बरोबर. वेळ? रोजची लावलेली. पण मोठ्या संगणकाला पेटी दिसतच नव्हती. प्रत फसल्याचा निरोप रोज जात होता, पण तो रक्तपेढीच्या आधीच्या प्रमुखांना, प्रेमराज साहेबांना. साहेबांची बदली जळगावला झालेली.

"लोटनभाऊ, काही बिघडलं की पेटीवर लाल दिवा लागतो. पाहिला नाहीत?"

"दिवा कुठे शे ताई? बठ्ठा हिरवा शेतस."

डिंपलताईंनी ओल्या बोटानं कुंकू पुसलं. खाली दिवा होता. लाल. दसऱ्यापासून जळत असलेला.

"तांबडं दिखे, माले वाटनं कुंकू शे," लोटनभाऊ पुटपुटले. "आनि कुंकू कोनी पुसस का, ताई?"

"अहो भाऊ, तुम्ही देवाला बसवलं आणि देवाचे डोळेच झाकले!"

तारेचा घोळही सापडला. पूजेनंतर ती शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या भोकात गेली होती.

दाराशी पुनानाना उभे होते. "ताई, मन्ही पोरनं नाव सापडनं का?"

माझा आनंद विझला. रत्नाचं नाव माझ्या पोटात होतं आणि मला हाक मारता येत नव्हती.

लोटनभाऊंनीच कपाट उघडलं. "हाई जुनी दखा बरं."

कित्येक आठवडे न फिरलेली मी कुरकुरले. थांबले. डिंपलताईंनी दुसरी तार लावली. मी सगळा जीव एकवटून फिरले. पडद्यावर नाव उमटलं. त्यापुढे, तिला कोणतं रक्त चालत नाही, तेही. प्रमिलाबाई ते वाचत वाचतच शीतपेटीकडे धावल्या. दुपारी रत्ना बाकावर बसून बिस्किट खात होती.

दसऱ्यानंतरच्या नोंदी मात्र माझ्याकडे नव्हत्या. त्या आठवून आठवून पुन्हा भराव्या लागल्या.

आता पेटीची तार जागेवर आहे. डिंपलताई महिन्यातून एकदा तिच्यातली प्रत उघडून पाहतात. मी पुन्हा कपाटात. हेवा गेला म्हणाल तर नाही. मित्रांनो, वस्तूंची पूजा जरूर करा. पण दिवा झाकू नका, आणि जपून ठेवलेलं अधूनमधून उघडून पाहा. पेटीतलंही आणि माझ्यातलंही.

एक गोष्ट मला फार उशिरा, लोटनभाऊंच्या बोलण्यातून कळली. त्या दसऱ्याच्या दिवशी माझ्या कपाटाची किल्ली ते साक्रीला घरी विसरले होते. पाटावर पेटीच्या शेजारची जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.